उरलेल्या कापडाचे टिश्यू होल्डर : हळदीकुंकवाच्या वाणाला चालतील का?

शिवणवेडी
नमस्कार मंडळी. संक्रांत तोंडावर आली आणि माझं वाणाचं अजून काहीच ठरलं नाहीये. दरवर्षी तेच प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चमचे. घेणाऱ्या बायका तोंडदेखलं "अय्या छान" म्हणतात आणि पुढच्या वर्षी तेच वाण फिरत फिरत आपल्याच घरी येतं (खरंच आलंय, माझीच गाळणी, तळाला मीच चिकटवलेलं किमतीचं लेबल होतं).
मी घरी ब्लाऊज शिवते त्यामुळे कातरणीचं एक पोतं भरलंय. टाकवत नाही. त्यातले बरे तुकडे निवडून पर्समध्ये ठेवायचे छोटे टिश्यू होल्डर शिवावेत असं डोक्यात आहे, चाळीसेक लागतील. ब्लाऊज, फ्रॉक, पेटीकोट सगळं शिवते पण हे कधी शिवलं नाही. माप काय घेऊ, कापड कुठलं घेऊ, आणि मुख्य म्हणजे कोणी वापरेल का हो? की माझ्या गाळणीसारखं हेही गावभर फिरेल?

अवलीबाई
मी पहिली! आणि मला एक द्या, वाणाला बोलावलं नाहीत तरी.

निरागस_बोका
टिश्यू म्हणजे मिसळ खाल्ल्यावर काउंटरवरून मूठभर उचलतात तेच ना? मग कव्हर मिसळवाल्याला द्या की. (हलके घ्या.)

रेवती_ठाणे
मी बरेच शिवलेत, ऑफिसमधल्या मैत्रिणींना दिवाळीत दिले होते. नेटवरची तयार मापं घेऊ नकोस, ती बहुतेक परदेशातल्या पाकिटांची असतात, आपल्याकडे प्रत्येक कंपनीचं पाकीट वेगळं. आधी तुझ्या दुकानात मिळतं ते पाकीट आण आणि त्यालाच टेप गुंडाळ.
समजा पाकीट साडेचार इंच आडवं, तीन इंच उभं आणि पाऊण इंच जाड आहे. तीन इंचाच्या बाजूने टेपने पूर्ण वेढा घ्यायचा, साडेसात येईल. त्यात दोन्हीकडची पाव-पाव इंच माया (शिलाईसाठी सोडायचं जास्तीचं कापड) धरली की आठ. आडव्या बाजूला साडेचार अधिक पाऊण म्हणजे सव्वापाच, त्यात पुन्हा दोन्हीकडची माया, म्हणजे पावणेसहा. तर आठ बाय पावणेसहाचे दोन तुकडे, एक वरचं कापड आणि एक अस्तर.
आता शिवायचं कसं. दोन्ही तुकडे सुलटीला सुलट लावून फक्त आखूड दोन कडांना, म्हणजे पावणेसहाच्या, टीप मारायची. सुलटवून घ्यायचं, इस्त्री फिरवायची, त्याच कडांवर वरून एक टीप घालायची. मग वरच्या कापडाची सुलट बाजू आत राहील अशा बेताने त्या दोन कडा मधोमध एकमेकींना भिडवायच्या आणि उघड्या राहिलेल्या दोन बाजू शिवून टाकायच्या. मधल्या फटीतून उलटवलं की झालं. बाजूची माया आत जाते, तिला झिगझॅग किंवा इंटरलॉक करून घे म्हणजे दोरे टिश्यूला लागून बाहेर येणार नाहीत. हात बसला की चहा उकळेपर्यंत एक होतो.

शिवणवेडी
रेवतीताई, हे वाचून इतकं सोपं वाटलं की आत्ताच कात्री घ्यावी. पण पाकीट आणायला उद्या बाजारात जावं लागेल. अस्तराला जुनं पेटीकोटचं कापड चालेल?

रेवती_ठाणे
पळेल, पळेल. सुती असेल तर एकदम बेस्ट. फक्त रंग जाणारं नको, पांढऱ्या टिश्यूवर लाल डाग बघून बाई घाबरेल.

जुनाजाणता
माफ करा पण मला या सगळ्याचा उद्देशच कळत नाही. एकदा वापरून फेकायच्या कागदाला कापडाचं कव्हर शिवायचं, आणि वर त्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणायचं! त्याच कातरणीचे रुमाल शिवा ना. चारी बाजूंनी हेम घातली की रुमाल तयार, धुवा आणि वापरा. आमच्या खिशात आयुष्यभर रुमालच होता, नाकं काही गळून पडली नाहीत.

मैथिली_नागपूर
काका, नाकं नाही गळली पण ते रुमाल धुतले कोणी ते पण सांगा ना जरा.

अवलीबाई
मैथिली +१००. पॉपकॉर्न आणते.

डॉ_खडीसाखर
दोन्ही बाजू बरोबर आहेत. घाम, हात, तोंड पुसायला रुमालच उत्तम. पण सर्दीखोकला असताना तोच रुमाल दिवसभर खिशात घेऊन फिरायचं, पुन्हापुन्हा त्यालाच हात लावायचा आणि त्याच हाताने लोकलचा दांडा पकडायचा, यापेक्षा टिश्यू वापरून कचऱ्यात टाकलेला बरा. गंमत म्हणून सांगतो, १९२४ साली क्लीनेक्स अमेरिकेत बाजारात आलं ते चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला. नाक पुसायचा रुमाल म्हणून त्याची जाहिरात व्हायला लागली ती १९३० च्या सुमारास. तर जुनाजाणता, तुमच्या रुमालाशी त्याचं मूळचं भांडण नव्हतं.

जुनाजाणता
माहितीबद्दल आभार. मी रुमालच वापरणार. आणि स्वतःचा रुमाल मी स्वतः धुतो हे मैथिलीबाईंनी नोंदवून घ्यावं.

बापू_टेलरमास्तर
ताई, माझं दुकान आहे, लेडीज जेंट्स दोन्ही. तुम्हाला शिवता येतं म्हणजे बाकी काही सांगायला नको पण या छोट्या वस्तूला जो मार बसतो तो एकाच जागी बसतो, मधे जिथे दोन कडा भिडतात तिथे बाजूच्या शिलाईत. बाई घाईत टिश्यू ओढते, दोन बोटं आत घालते, पहिली टीप उसवते ती तिथेच. तेवढ्या अर्ध्या इंचावर मशीन दोनतीनदा मागेपुढे फिरवायची. तिथे कापडाचे चार थर येतात, आणि वरून टीप घातलेली कड असते म्हणजे दुमडलेली माया पण त्यात. पातळ सुती असेल तर १४ नंबरची सुई चालते, जाड असेल तर १६ लावा. सुई मोडली की माझं नाव घेऊ नका.
अजून एक, जे कापड धुतलेलं नसेल ते आधी भिजवून वाळवून इस्त्री करून मगच कापा. वरचं कोरं आणि अस्तर जुन्या पेटीकोटचं असलं तर पहिल्या धुण्यात वरचं आटतं, अस्तर तसंच राहतं आणि पाकीट पापडासारखं वाकडं होतं.

शिवणवेडी
बापूदादा हे एकदम कामाचं. माझ्याकडे खणाचे तुकडे खूप आहेत, हल्ली सगळ्यांना खणाचे ब्लाऊज पाहिजेत. हळदीकुंकवाला खण म्हणजे किती शोभेल ना?

बापू_टेलरमास्तर
शोभेल पण छळेल. खणाचे दोरे सुटतात, पाव इंच माया धरली तर शिवेपर्यंत एक सूत, म्हणजे निम्मीच, उरते. अर्धा इंच माया धरा, कापल्या कापल्या कडेला इंटरलॉक मारा किंवा मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा. इस्त्री फार गरम नको.

मैथिली_नागपूर
आणि खणाचा काठ असेल ना तर तो फटीच्या कडेला आणू नकोस. जरीला टिश्यू अडकतो, ओढला की अर्धा हातात अर्धा आत. काठ पाठीमागच्या बाजूला मधोमध येऊ दे, दिसतो पण छान.

रेवती_ठाणे
मैथिलीशी सहमत. हाच मुद्दा ओव्हरलॅपचा. काही जणी दोन कडा पाव इंच एकावर एक चढवतात, आतलं काही दिसत नाही म्हणून. दिसायला नीटनेटकं वाटतं पण टिश्यू काढताना फाटतो. मी कडा फक्त भिडवते.

हिरकणी७
मी चढवते बाई. पर्समध्ये चिल्लर, किल्ल्या, कंगवा, बडीशेपेची पुडी सगळं असतं, नुसती भिडवलेली फट उघडते आणि टिश्यूला बडीशेप लागते. पाव इंच चढवायचं आणि वेढ्याचं माप पण पाव इंच वाढवायचं, म्हणजे आत पाकीट घट्ट बसत नाही. टिश्यू फाटतो तो ओव्हरलॅपने नाही, पाकीट आत आवळलं गेल्यामुळे फाटतो.

रेवती_ठाणे
असं असेल तर मी पण एक करून बघते. बडीशेपेचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता आला.

निरागस_बोका
बडीशेप लागलेला टिश्यू म्हणजे मिसळीनंतरची मुखशुद्धी. माझ्या पहिल्या प्रतिसादाला अखेर न्याय मिळाला.

तोक्योतली_मनू
इथे जपानात हा विषय फार गंभीर आहे. स्टेशनबाहेर टिश्यूची पाकिटं फुकट वाटतात, मागे जाहिरातीचा कागद घातलेला. साठच्या दशकाच्या शेवटी हे सुरू झालं, त्याआधी जाहिरात काड्यापेटीवर छापून वाटायची पद्धत होती. आता वाटप पूर्वीपेक्षा कमी दिसतं पण पर्समध्ये टिश्यू सगळ्यांच्या असतोच. आणि जुनाजाणता काका, रुमाल पण असतो! हात धुतल्यावर पुसायला रुमाल, नाकाला टिश्यू.
माझी लेक इथल्या बालवाडीत आहे, रोज दोन्ही न्यावं लागतं. छोट्या मुलांच्या कपड्यांना बऱ्याचदा खिसे नसतात म्हणून 'इदो पोकेत्तो' नावाचा प्रकार आहे, दोन क्लिपांनी कमरेला अडकवायचा सुटा खिसा. वरच्या कप्प्यात रुमाल आणि त्याच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला टिश्यूची फट, अगदी रेवतीताईंनी सांगितली तशीच दोन कडांची. बाजारात मिळतो पण बऱ्याच आया घरी शिवतात. मी आईने पाठवलेल्या इरकलीच्या तुकड्याचा शिवला तर बाईंनी विचारलं हे कापड कुठलं म्हणून. इथली पाकिटं चपटी असतात त्यामुळे माझं माप तुम्हाला उपयोगाचं नाही.

कोल्हापुरी_ठसका
हे म्हणजे आपली चंचीच की! आमच्या आज्ज्याची होती, लाल कापडाची. उलगडली की एका खाली एक कप्पे, एकात पान, एकात सुपारी, चुन्याची डबी, कात, तंबाखू. गुंडाळायची, नाडीचे दोन वेढे घालायचे आणि कमरेला खोवायची. आज्जीनं शिवलेली, हातशिलाई, एक टीप इकडची तिकडं न्हाई. आज्जा पान लावायला बसला की आम्ही पोरं भोवती, सुपारीचं खांड मिळतंय का बघत.

हिरकणी७
माझ्या सासूबाईंकडे बटवा आहे अजून, नाडी ओढली की बंद होणारा. त्यात जायफळ, सुंठ, वेखंड. आजीबाईचा बटवा म्हणतात तोच खराखुरा.

अवलीबाई
कोल्हापुरी, चंचीत एक कप्पा टिश्यूचा घातला की पिचकारीनंतर तोंड पुसायची सोय.

कोल्हापुरी_ठसका
आज्जा धोतराच्या सोग्याला पुसायचा. त्याला कोण टिश्यू शिकवणार.

शिवणवेडी
बाजारात जाऊन आले. मंडळी, मोठा घोळ आहे. आमचं तालुक्याचं गाव. पर्समधलं छोटं पाकीट फक्त एका मेडिकलमध्ये मिळालं, ते पण चारच होते. बाकी सगळीकडे गाडीत ठेवायचा मोठा डबा नाहीतर हॉटेलातले पेपर नॅपकिन. म्हणजे मी होल्डर वाटले आणि आतलं पाकीट संपलं की बायकांनी पुढे भरायचं काय? रिकामा होल्डर कपाटात जाणार.

जुनाजाणता
मी काही बोलत नाही.

सदू_सायकलवाला
मी बोलतो. पुरुष आहे, शिवतो, उगाच कोणी हसू नका. सायकलिंगला जाताना घाम, चेनचं ग्रीस पुसायला मी साधे पेपर नॅपकिन नेतो, ते किराणा दुकानात शंभराच्या गठ्ठ्यात मिळतात. साधारण ३० सेंटिमीटर चौरसाचा कागद, चार घड्यांत आलेला, म्हणजे बाजूला सहा इंच. तो अजून एकदा मधोमध दुमडला की सहा बाय तीन होतो. असे आठदहा एकावर एक ठेवायचे, अर्धा इंच जाडी होते. दुमडलेली कड फटीकडे ठेवली की एक एक निघतो.
रेवतीताईंच्याच हिशोबाने तीन अधिक अर्धा गुणिले दोन म्हणजे वेढा सात, मायेसकट साडेसात. आडवं सहा अधिक अर्धा अधिक माया, सात. साडेसात बाय सात, जवळपास चौकोनच. ब्लाऊजच्या कातरणीत एवढा तुकडा अख्खा मिळणं कठीण असेल तर दोन तीन पट्ट्या जोडून घ्या.

शिवणवेडी
सदूभाऊ!!! हे भारी आहे. नॅपकिन आमच्या कोपऱ्यावर मिळतात. पण ते जरा खरखरीत असतात ना, नाकाला?

सदू_सायकलवाला
नाकाला खरखरीत, हाताला उत्तम. दोन प्लायचे (दुपदरी) घ्या, थोडे मऊ असतात. आणि दुसऱ्या कुणाला छोटं पाकीट मिळालंच तर ते यात आडव्या बाजूने सैल बसेल, जाड असलं तर वेढ्याला आवळेल, मग थोडे टिश्यू काढून बसवा. उलटं होत नाही.

रेवती_ठाणे
सदू, मान गये. मी ठाण्यात बसून विसरलेच होते की पाकीट प्रत्येक गल्लीत मिळत नाही.

मैथिली_नागपूर
पट्ट्या जोडायच्या म्हटल्यावर गोधडीच झाली की छोटी. तीन पट्ट्या, मधली खणाची, बाजूच्या दोन साध्या सुती. खण पण वापरला जाईल आणि दोरे सुटण्याची कटकट कमी, कारण खणाच्या दोन्ही बाजू जोडशिलाईत जातात. जोड मात्र वेढ्याच्या दिशेने येऊ दे, फटीला समांतर नको, नाहीतर जोडाची माया कडेला येऊन तिथे जाड होतं.

बापू_टेलरमास्तर
बरोबर सांगितलं ताईंनी. शाब्बास.

वर्षा_हस्तकला
मी हे विकते, प्रदर्शनात स्टॉल असतो. ६० रुपयाला एक. लोक विचारतात आत टिश्यू १० रुपयाचे आणि कव्हर ६० चं कसं काय. तेच लोक शेजारच्या स्टॉलवर दीडशेची भेळ खातात.

निरागस_बोका
भेळ खाऊन हात कशाला पुसतात?

वर्षा_हस्तकला
माझ्या स्टॉलच्या टेबलक्लॉथला. 😡
असो. विकायच्या अनुभवावरून सांगते, वाणाला देताना बाई हातात घेऊन आधी उलटसुलट बघते आणि विचारते "हे काय, मोबाईलचं कव्हर?" म्हणून रिकामं कधीच देऊ नकोस. एक नॅपकिन अर्धा बाहेर ओढून ठेव. काही सांगावं लागत नाही.

गोव्याची_सुमा
आमच्या कॉलेजातल्या मुली याच आकाराचं सॅनिटरी पॅडसाठी शिवून घेतात. दप्तरात, पर्समध्ये पॅड मोकळा असला की वरचं प्लॅस्टिक फाटतं, नाहीतर वर्गात पेन काढताना तोच बाहेर येतो. पण त्याला ही मधली फट चालत नाही, सगळं दिसतं. त्याला एक कड लांब ठेवून झाकण करायचं आणि टिचबटण लावायचं. वाणात घरी शाळेतली मुलगी असलेल्या बायका असतील तर त्यांना तसा द्या, टिश्यूपेक्षा जास्त वापरला जाईल बघा.

हिरकणी७
सुमा, खूप आवडलं हे. हळदीकुंकवाला चालेल का पण? आमच्याकडच्या मोठ्या बायका नाकं मुरडतील.

गोव्याची_सुमा
त्यांना सांगू नका ना कशासाठी. झाकणाचा बटवा आहे म्हणा, त्या आपल्या बीपीच्या गोळ्या ठेवतील. मुलींना बरोबर कळतं.

डॉ_खडीसाखर
गोळ्यांना हे खरंच चांगलं, स्ट्रिप वाकत नाहीत. फक्त स्ट्रिप कापून सुटे तुकडे करून ठेवू नका, नाव आणि तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहते.

अवलीबाई
नाक, हात, ग्रीस, भेळ, पान, पॅड, बीपी. अजून काही राहिलं का?

कोल्हापुरी_ठसका
तिळगूळ! वाणाच्या दिवशी आत तिळगुळाची पुडी घाला.

मैथिली_नागपूर
आणि दुसऱ्या दिवशी पर्सला मुंग्या. नको गं बाई.

जुनाजाणता
एक विचारतो. या साडेसात बाय सातमध्ये घडी घातलेला रुमाल बसेल का?

सदू_सायकलवाला
काका, पुरुषांचा मोठा रुमाल जाड होईल. बायकांचा छोटा आरामात बसतो, दोन पण बसतील.

जुनाजाणता
मग शिवणवेडीताई, निम्म्या होल्डरमध्ये कागद घाला आणि निम्म्यात कातरणीचा छोटा रुमाल. ज्यांना जे हवं ते घेतील. मला वाटतं आधी रुमालवाले संपतील, पण ते तुम्हीच बघा.

अवलीबाई
काका आले हो लाईनीवर!

जुनाजाणता
मी कुठेही आलेलो नाही. रुमालाला कव्हर मिळतंय, एवढंच.

शिवणवेडी
धागा वर काढतेय. कापायला सुरुवात केली. सदूभाऊंचं माप, मैथिलीच्या तीन पट्ट्या, कडा हिरकणीसारख्या पाव इंच चढवल्यात, त्यासाठी वेढा पावणेआठ घेतला. बापूदादांनी सांगितलं तिथे मागेपुढे टीप, १६ नंबरची सुई लावली. पट्ट्यांमुळे पोत्यातले अगदी चार बोटांचे तुकडे पण लागतायत. रुमाल मात्र थोडेच होतील, त्याला अख्खा तुकडा लागतो. आणि सुमा, झाकणवाले पण काही करतेय, माझ्या भाचीने ऐकल्या ऐकल्या दोन मागितले.

हिरकणी७
मस्त! सगळे संक्रांतीपर्यंत होतील?

शिवणवेडी
रथसप्तमीपर्यंत वेळ आहे की, हळदीकुंकू शेवटच्या शुक्रवारी ठेवलंय. मशीनवर ब्लाऊजची गिऱ्हाइकं पण आहेत ना, तेही हळदीकुंकवालाच घालायचे.

रेवती_ठाणे
एक एक पूर्ण करत बसू नकोस हं. आधी सगळे कापून घे, मग सगळ्यांच्या पट्ट्या एका दोऱ्यात जोडत जा, मधे दोरा न तोडता एकामागून एक मशीनखाली सरकवायचे, माळ तयार होते. मग एकदम कापून इस्त्री. खूप वेळ वाचतो.

बापू_टेलरमास्तर
आम्ही कॉलर अशाच करतो. बॉबिन मात्र भरून ठेवा चारपाच.

अवलीबाई
फोटो कुठाय फोटो?

शिवणवेडी
टाकते गं, इस्त्री झाली की. बापूदादा, फ्युजिंग खणाच्या पट्टीलाच लावू की पूर्ण तुकड्याला?

बापू_टेलरमास्तर
फक्त पट्टीला. पूर्ण लावलं तर कडक होईल आणि उलटवताना मधली फट ताणली जाऊन तीच टीप तुटेल. आणि फ्युजिंग पट्टीच्या कडेपर्यंत लावा, नाहीतर कडेचे दोरे सुटतातच.